शब्दचर्चा : अंदाजातले ‘कोरडे हवामान’ आणि ‘तुरळक ठिकाणी पाऊस’

एप्रिलअखेर ते मान्सूनच्या आगमनापर्यंत महाराष्ट्रासाठी दिल्या जाणाऱ्या हवामान अंदाजांत ‘हवामान कोरडे राहील’ हे वाक्य वारंवार येते. शब्द ओळखीचे असल्यामुळे त्याचा अर्थ कोणी विचारत नाही. मात्र त्याच अंदाजात कोकणासाठी ‘हवामान उष्ण व दमट राहील’ असेही लिहिलेले दिसले की, एकाच दिवशी हवामान कोरडेही आणि दमटही कसे, असा प्रश्न साहजिकच पडतो.

याचे उत्तर ‘कोरडे’ या शब्दाच्या पारिभाषिक अर्थात आहे. भारतीय हवामान विभाग हवामानाला कोरडे म्हणतो तेव्हा त्याला एवढेच सांगायचे असते, की त्या भागातील पाऊस मोजणाऱ्या केंद्रांवर पाऊस अपेक्षित नाही. हवेत बाष्प किती आहे, याविषयी हा शब्द काहीच सांगत नाही. बोलण्यातला ‘कोरडी हवा’ हा प्रयोग नेमका त्याच्या उलट आहे, कारण तिथे बोलणाऱ्याच्या मनात पाऊस नसून हवेचा गुण असतो. विदर्भात मे महिन्यात ओठ फुटतात, धुतलेले कपडे पाहता पाहता वाळतात आणि वाळ्याच्या ताट्यांचा कुलर खोली खरोखर गार करतो, कारण तिथली हवा पाणी शोषून घेते. तोच कुलर किनाऱ्यावर फारसा उपयोगी पडत नाही. तिथे हवामान ‘कोरडे’ असते, पण हवा ओली असते आणि अंगावरचा घामसुद्धा वाळत नाही. म्हणून सर्वसामान्य वाचकासाठी लिहिताना ‘पावसाची शक्यता नाही’ असे सरळ लिहावे आणि ‘कोरडी’ हे विशेषण हवेसाठी राखावे, असे मला मनापासून वाटते. काही जण ‘शुष्क हवामान’ असे लिहितात. त्याने मूळ गोंधळ सुटत नाही, शब्द मात्र अधिक परका होतो.

‘तुरळक’ या शब्दाबाबत होणारी चूक याहून गंभीर आहे. मूळ अंदाजात ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस पडण्याची शक्यता’ असे असते आणि बातमीच्या मथळ्यात त्याचे ‘तुरळक पावसाची शक्यता’ होते. एक शब्द गळाला की अर्थच बदलतो. ‘तुरळक ठिकाणी’ हे पावसाच्या विस्ताराचे माप आहे : त्या भागातील फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तेव्हा तो शब्दप्रयोग येतो, त्यापुढे ५० टक्क्यांपर्यंत ‘काही ठिकाणी’, ७५ टक्क्यांपर्यंत ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि त्याहून अधिक असल्यास ‘बहुतांश ठिकाणी’ असे म्हटले जाते. पाऊस किती जोराचा असेल, हे यातून कळत नाही. त्या मोजक्या गावांत सोसाट्याचा वारा सुटून गाराही पडू शकतात. ज्याचा कांदा काढून शेतात पडला आहे किंवा ज्याचा आंबा अजून झाडावर आहे, तो ‘तुरळक पाऊस’ वाचून चार थेंबांची अपेक्षा करील आणि निर्धास्त राहील. त्याच्यासाठी ‘ठिकाणी’ हा शब्द गाळणे म्हणजे इशाराच गाळणे होय.

‘उष्णतेची लाट’ हाही असाच मोजून वापरायचा शब्द आहे. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस असून ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी किंवा त्याहून अधिक वर गेले, अथवा प्रत्यक्ष तापमान ४५ अंशांवर पोहोचले, तर हा शब्द लागू होतो. किनारपट्टीसाठी ४० ऐवजी कमाल तापमान किमान ३७ अंश असण्याची अट आहे. त्यामुळे मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४३ अंशांवर गेला तरी ती लाट ठरेलच असे नाही, कारण तिथली सरासरीच मुळात चढी असते, आणि मुंबईत ३८ अंशांवरही लाट जाहीर होऊ शकते. प्रत्येक कडक दुपारीला लाट म्हणत गेल्यास खऱ्या इशाऱ्याचे वजन कमी होते.

साध्या तीव्र उन्हासाठी मराठीत शब्दांची वाण नाही आणि त्यांच्यात कोरड्या व ओल्या उष्म्याचा भेदही आहे. ‘उकाडा’ हा उकडण्यातून आलेला, वारा पडल्यावर आणि घाम साचल्यावर जाणवणारा. ‘रखरख’, ‘काहिली’, ‘झळा’ हे कोरड्या, भाजणाऱ्या उन्हाचे शब्द. अकोल्याच्या भर दुपारच्या वर्णनात ‘उकाडा’ किंवा रत्नागिरीच्या रात्रीच्या वर्णनात ‘रखरख’ वाचली की लिहिणाऱ्याने ती हवा अनुभवलेली नाही, असे वाटून जाते. ‘उबदार’ हा शब्द मात्र या ऋतूत पूर्णपणे टाळावा, कारण ऊब ही थंडीत हवीशी वाटणारी गोष्ट आहे. परदेशी अंदाजांच्या अनुकरणाने ‘वसंतातील उबदार आठवडा’ असे लिहिले जाते, तेव्हा आपला वसंत चैत्र-वैशाखाचा आहे आणि त्याच्या उत्तरार्धाला मराठी माणूस ‘वैशाखवणवा’ म्हणतो, याचा विसर पडलेला असतो.

राहता राहिला ‘अवकाळी’. मे महिन्यात दिवसभर जमीन तापून, दुपारनंतर ढग भरून, गडगडाटासह येणाऱ्या पावसालाही अलीकडे सर्रास अवकाळी म्हणतात. ते मला पटत नाही. हा पाऊस आपल्या काळीच येतो, त्याचे नाव ‘वळीव’ किंवा ‘वळवाचा पाऊस’ असे आहे, आणि अंदाजातला ‘मान्सूनपूर्व पाऊस’ यालाच उद्देशून असतो. ऐन थंडीत किंवा गहू-हरभरा काढणीला आलेला असताना कोसळणाऱ्या पावसाला ‘अवकाळी’ म्हणणे योग्य आहे. मेमधल्या पावसाने नुकसान केले तर ‘वळवाने नुकसान’ असे लिहिता येते, कारण नुकसान झाले म्हणून पाऊस अवेळी ठरत नाही.