पट्टा पडायला (ऊसतोडीचा हंगाम संपून टोळ्या गावी जायला) अडीच महिने, पोराला समुपदेशनाला न्यावं का?

वाळव्याची बाई: मी वाळवा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नोव्हेंबरपासून पाचवीत बीडकडचा एक मुलगा येतो, अकरा वर्षांचा. आईबापाचा कोयता, म्हणजे दोघं जोडीने ऊस तोडतात; टोळी गावाबाहेर खोप्या घालून राहते. गाडी भरायला रात्री कधीही येते, तेव्हा हाही उठतो, मोळ्या उचलू लागतो. वर्गात येतो तो बाकावर डोकं टाकायलाच. मागच्या हंगामात ट्रॉली उलटून शेजारच्या खोपीतला माणूस त्याच्यासमोर दगावला. बॅटरी याच्याच हातात होती. आमची शाळा नेमकी कारखान्याच्या रस्त्याला! ट्रॅक्टरवाल्यांची गाणी लांबून ऐकू आली की हा दप्तर कानाला लावतो. चित्रात रोज चाकं काढतो, फक्त चाकं.

मिरजेला समुपदेशनाला न्यावं म्हणते, पण आई म्हणते, "बाई, खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो." आणि उपचार अर्धवट राहिला तर?

कृष्णाकाठ: मी मुलांची समुपदेशक. अशा धसक्यावर आघात-केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं यांवर बोलून काम करणारा उपचार) ही चांगली तपासलेली पद्धत आहे. साधारण १२ ते १६ बैठका लागतात, आठवड्याला एक. तुमच्याकडे दहाच आठवडे. तरी न्या. सुरुवातीला श्वास, झोप, भीतीला नाव देणं, आणि हे सगळं आईलाही शिकवणं. एवढं करून गाव सुटलं तरी वाया जात नाही. त्या रात्रीची गोष्ट मात्र घाईने उकरू नका. ती अर्धी उघडून गाडी बीडला निघाली तर पोराने काय करायचं? चाकं काढू द्या. "काय काढलंस?" विचारा, "का" विचारू नका. पुढे टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ आहे, फुकट, मराठीत, गावी गेल्यावरही चालतो.

स्पष्टवक्ता: श्वास वगैरे ठीक. आधी पोराला झोपू द्या की! बालकामगार कायद्यात घरच्या कामात मदतीची सूट आहे, पण २०१७ च्या नियमांप्रमाणे संध्याकाळी ७ ते सकाळी ८ तीही नाही. मुकादम ऐकत नसेल तर १०९८, मुलांच्या मदतीचा फोन.

शिरूर कासारचा: मी टोळीतच वाढलो. लगेच १०९८ लावला तर टोळी रातोरात दुसऱ्या फडावर जाईल, पोरगं शाळेतूनही जाईल. आधी बापाशी बोला. आमच्या गुरुजींनी मला दुपारी ऑफिसात पोत्यावर झोपू दिलं होतं, तेवढंच लई होतं. मिरजेला बाजाराच्या दिवशी न्या, आमची टोळी त्या दिवशी अर्धा दिवस मोकळी असायची.

वाळव्याची बाई: बाजार मंगळवारी. आई तयार आहे, पण म्हणते, बापाला "डोळे तपासायला" असं सांगा. मधल्या सुट्टीनंतर त्याला सतरंजी टाकून देते, तासभर गाढ झोपतो. खोटं सांगू का?

कृष्णाकाठ: नको. त्या रात्री बापही तिथेच असणार. त्यालाही झोप लागते का, हे विचारूनच बोलायला सुरुवात करा.