अनुभव धागा: कॅसलटन आणि आजूबाजूचा डोंगर

जूनमध्ये सासूबाई-सासरे शेफिल्डला येताहेत. लंडन त्यांचं मागच्या खेपेला पाहून झालंय. या वेळी त्यांना इंग्लंडमधलं एखादं गाव निवांत दाखवायचंय, आणि माझ्या डोळ्यांसमोर एकच येतं: डर्बीशरमधलं कॅसलटन.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. होप खोऱ्याच्या वरच्या टोकाला दगडी घरांचं हे लहानसं गाव आहे. दक्षिणेला पांढरा चुनखडक, उत्तरेला काळपट वालुकाश्म आणि शेल नावाचा पापुद्र्यांचा खडक, आणि दोघांची गाठ इथेच पडते. त्यामुळे एका बाजूला हिरवीगार कुरणं आणि कोकणातल्या गडग्यासारख्या, चुना-माती न वापरता नुसत्या दगड रचून केलेल्या भिंती. तर दुसऱ्या बाजूला उघडे डोंगरमाथे. गावामागच्या कड्यावर पेव्हरिलचा किल्ला आहे. त्याचा चौकोनी बुरूज राजा दुसऱ्या हेन्रीने ११७६ मध्ये बांधायला घेतला. पश्चिमेला विनॅट्स खिंड. या नावाचा अर्थ वाऱ्याचे दरवाजे असा सांगतात, आणि मी नोव्हेंबरात तिथून चालत गेले तेव्हा तो पटला. दोन्ही अंगांनी चुनखडकाचे सुळके, मधून चढता रस्ता आणि समोरून असा वारा की बोललेलं शेजारच्याला ऐकू जाईना. हे खडक कधीकाळी उष्ण समुद्रात तयार झाले, हे वाचल्यापासून मला ती खिंड वेगळीच दिसते.

तुम्ही गेला असाल तर सांगा. काय पाहिलंत, काय मनात राहिलं? घाईने उरकलेल्या यादीपेक्षा एकच जागा नीट सांगितलीत तरी चालेल.

मँचेस्टरहून

मॅम टॉर या गावाजवळच्या डोंगरावर सगळेच जातात, आणि जायलाच हवं. ५१७ मीटर उंची, पण वरच्या वाहनतळापासून दगडी पायवाट आहे, दमछाक होत नाही. माथ्यावर प्राचीन तटबंदीची माती अजून ओळखू येते. मी मात्र खालच्या मोडक्या रस्त्याबद्दल लिहिणार आहे, कारण माझं काम रस्त्यांचंच.

विनॅट्सचा उभा चढ टाळायला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या डोंगराच्या कुशीतून रस्ता काढला. पण ती कूस म्हणजे हजारो वर्षांपूर्वी घसरलेली दरड. वर वालुकाश्म, खाली ठिसूळ शेल; पावसाळी हिवाळ्यात पाणी मुरलं की सगळं इंचाइंचाने खाली सरकतं. दर काही वर्षांनी रस्ता खचायचा, माणसं पुन्हा भर घालायची, पुन्हा डांबर. शेवटी १९७९ मध्ये तो कायमचा बंद केला. आज तिथे चालत जाता येतं. रस्ता तुटून दोन ठिकाणी माणसाच्या उंचीएवढा खाली गेलाय. तुटलेल्या कडेला मी गुडघे टेकून बसलो आणि डांबराचे थर बोटाने मोजू लागलो. पाच-सहापर्यंत नीट मोजता आले, पुढचे एकमेकांत मिसळलेले. पांढऱ्या पट्ट्याचा एक तुकडा अजून तसाच होता. एवढी वर्षं कुणीतरी इमानाने हे काम केलं, याने माझा ऊर भरून आला.

'मॅम' म्हणजे आई. घसरलेल्या दरडींतून पायथ्याशी लहान टेकड्या जन्मल्या, म्हणून हे नाव पडलं असं तिथले लोक सांगतात.

लीड्सहून

मी फक्त कॅसलटनच्या पीक कॅव्हर्न या गुहेबद्दल लिहितो.

माझे आजोबा केकताडाचे दोर वळायचे. केकताड म्हणजे घायपात. पाती पाण्यात कुजवायची, ठेचायची, धुऊन वाख काढायचा, वाळवायचा आणि मग वळायला घ्यायचा. कासरे, दावी, मोटेचा नाडा. बेंदराच्या आधी घरात नुसती भेंडोळीच भेंडोळी असायची. बाबा लहानपणी दांडा फिरवायला बसायचे. पुढे नायलॉनची दोरी बाजारात आली आणि आमच्या घरातलं काम थांबलं.

बाबा इथे आले तेव्हा मी त्यांना गुहा दाखवायची म्हणून नेलं. दोराचं मला काहीच ठाऊक नव्हतं. गावातून ओढ्याकाठाने वर गेलं की एकदम डोंगराचा जबडा उघडतो. ब्रिटनमधलं सर्वांत मोठं नैसर्गिक गुहामुख. आत पायऱ्यापायऱ्यांची सपाट जमीन. त्या जमिनीवर शेकडो वर्षं दोर वळणाऱ्यांची वस्ती होती. घरं, गोठे, सगळं त्या दगडी छपराखाली. त्यांच्या चुलींच्या धुराने छत काळं झालंय ते अजून दिसतं. आसपासच्या शिशाच्या खाणींना त्यांचे दोर लागत. शेवटचा कारागीर १९७४ मध्ये थांबला.

गाइड प्रात्यक्षिक दाखवते. एका टोकाला आकडे लावलेलं दांड्याचं यंत्र, दुसऱ्या टोकाला घसरत पुढे येणारी घसरगाडी, आणि पदरांच्या मध्ये खाचा पाडलेला लाकडी ठोकळा. पीळ भरत गेला की दोर आखूड होतो आणि गाडी आपोआप पुढे ओढली जाते. तिने दांडा फिरवायला कोण येतं असं विचारलं. सगळ्यांची मुलं पुढे झाली आणि त्यांच्या मागून माझे एकाहत्तर वर्षांचे बाबा. त्यांनी दांडा हातात घेतला आणि कुणी न सांगता बरोबर त्या वेगाने फिरवायला लागले. मध्येच मला म्हणाले, "हिला विचार, पदर किती?" तिने तीन बोटं दाखवली. "आपलेही तीनच," बाबा म्हणाले, आणि मग बराच वेळ बोलले नाहीत.

नॉटिंगहॅमहून

आईचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही तिथलीच स्पीडवेल ही दुसरी गुहा निवडली आणि पस्तावलो. आतली सफर होडीतून आहे, अठराव्या शतकात खाणकामगारांनी खोदलेल्या अरुंद, पाण्याने भरलेल्या बोगद्यातून. पण होडीपर्यंत शंभरावर पायऱ्या उतराव्या लागतात आणि तेवढ्याच चढाव्या लागतात. वयस्कर माणसांना गुहा दाखवायचीच असेल तर आधी पायऱ्यांची चौकशी करा. ब्लू जॉन हा जांभळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा दगड गावातल्या दुकानांतही जवळून पाहता येतो. तो इथल्याच डोंगरातून निघतो.

डर्बीहून

गाडी असेल तर सासूबाईंना ईमला न्या. मी नर्स आहे, त्या गावाचं माझ्या मनात फार मोठं स्थान आहे. १६६५ मध्ये लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडातून तिथे प्लेग पोहोचला. पुढच्या वर्षी धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि त्यांच्या आधीचे थॉमस स्टॅन्ली यांच्या सांगण्यावरून गावाने स्वतःला कोंडून घेतलं, आजूबाजूला साथ जाऊ नये म्हणून. एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं आपल्या हातांनी पुरली. ती थडगी गावाबाहेर माळावर आहेत.

वेशीवर एक दगड आहे, त्यात भोकं पाडलेली. नाण्यांवरून साथ बाहेर जाऊ नये म्हणून त्यांत व्हिनेगर ओतून लोक नाणी ठेवत, आणि बाहेरचे लोक धान्य ठेवून ती उचलत. मी त्या भोकात बोट घालून पाहिलं. कडा अगदी गुळगुळीत झाल्यात. मला सावित्रीबाई आठवल्या. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्या गेल्या.

शेफिल्डहून, पुन्हा मीच

सगळ्यांचे मनापासून आभार. स्पीडवेल रद्द. लीड्सच्या दादांचं वाचून सासरे म्हणताहेत, त्या गुहेत जायचंच.

आणि एक कळलं ते लिहून ठेवते. २९ मे रोजी कॅसलटनमध्ये एक माणूस घोड्यावर बसतो, कमरेपर्यंत झाकणारा फुलापानांचा घंटेसारखा भला मोठा साज अंगावर घेऊन, आणि वाजतगाजत गावभर फिरतो. शेवटी तो साज चर्चच्या मनोऱ्यावर चढवतात आणि तिथेच वाळू देतात. वर ओढून घेतात तो दोराने. तिकिटं अजून काढलेली नाहीत. दोन आठवडे अलीकडची मिळतात का पाहतेय.