भावाचे डोळे पिवळे झाले आहेत. कामीण (कावीळ) उतरवणाऱ्याकडे न्यावे का?

प्रश्न (गोव्यातील सत्तरी तालुक्यातील एक बहीण):
माझा भाऊ ३४ वर्षांचा आहे. लावणीसाठी तो दोन आठवडे गुडघाभर चिखलात होता. गेल्या आठवड्यात त्याला थंडी वाजून ताप आला, आणि परवापासून डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागला आहे. आजी म्हणते की ही कामीण आहे, तिच्यावर दवाखान्यात औषध नसते आणि शेजारच्या गावात चुन्याच्या पाण्याने ती उतरवतात. काय करावे?

उत्तर (निवृत्त परिचारिका, फोंडा):
ताई, कावीळ हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. तांबड्या रक्तपेशी मोडताना तयार होणारे बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. रक्तातील त्याचे प्रमाण १०० मिलिलिटरमागे सुमारे ३ मिलिग्रॅमपर्यंत चढले की ते डोळ्यांत दिसू लागते. मलेरियात रक्तपेशी भराभर फुटतात, दूषित पाण्यातून येणाऱ्या ‘अ’ आणि ‘ई’ प्रकारच्या विषाणूंमुळे, दारूमुळे किंवा काही औषधांमुळे यकृताला सूज येते, आणि पित्तखडा वा गाठ अडकली तर पित्ताची वाट बंद होते. आजींच्या म्हणण्यात अर्धे तथ्य आहे. ‘अ’ प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते, आणि त्याचे श्रेय उतरवणाऱ्याला मिळते. मलेरिया मात्र औषधाविना बरा होण्याची वाट पाहता येत नाही, आणि अडकलेला खडा काढावाच लागतो. लघवीचा आणि मळाचा रंग कसा आहे? मळ पांढुरका आणि अंगाला खाज असेल, तर अडथळ्याची शंका येते.

उत्तर (शेतकरी, पेडणे):
चिखलाचे वाचून राहवले नाही. माझे डोळे आधी लाल झाले, मग पिवळे, आणि पोटऱ्या इतक्या दुखत की हात लावू देत नसे. मी चार दिवस मुळी उगाळून घेत राहिलो आणि तेवढ्यात लघवी जवळजवळ बंद झाली. तो लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होता. उंदराच्या लघवीतले जंतू शेतातल्या पाण्यात येतात आणि पायाच्या साध्या चिरेतूनही शरीरात शिरतात. त्यावर प्रतिजैविके आहेत, परंतु ती लवकर सुरू व्हावी लागतात. ते चार दिवस मला आजही सलतात, म्हणून हे लिहीत आहे.

प्रश्नकर्ती:
त्याच्या पोटऱ्या दुखतात. आम्ही ते लावणीचे दुखणे समजत होतो. लघवी गडद चहासारखी आहे आणि कालपासून कमी होते.

उत्तर (निवृत्त परिचारिका, फोंडा):
मग उद्याची वाट पाहू नका, आजच न्या. जवळच्या आरोग्य केंद्रात जाण्यास वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. गरज भासल्यास तेथून बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या मोठ्या रुग्णालयात पाठवतील. तो चिखलात काम करत होता हे डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगा, आणि तापासाठी घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. यकृताची आणि मूत्रपिंडांची तपासणी, मलेरिया आणि लेप्टोची चाचणी, बहुधा सोनोग्राफीही होईल. तोवर पॅरासिटामॉल, मुळी, काढा, दारू यांपैकी काहीही देऊ नका. तो असंबद्ध बोलू लागला, फार झोपाळला किंवा हिरड्यांतून रक्त आले, तर आरोग्य केंद्रात न थांबता थेट बांबोळी गाठा.

प्रश्नकर्ती:
गाडी दारात आली आहे. आजीही सोबत येत आहे.