नोकरी : पाच आठवडे झाले, आता फोन करू का?

कडून: मृण्मयी (एस्लिंगेन)
सोमवार, १८ ऑगस्ट २०२५, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या नावनोंदणीत माझं रडगाणं घुसवतेय, सांभाळून घ्या.

चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी सात वर्षं क्वालिटीत होते. नवऱ्याच्या ब्लू कार्डामुळे, म्हणजे त्याच्या नोकरीच्या परवान्यामुळे, इथे जर्मनीत आले, त्याला चौदा महिने झाले. कामाची परवानगी आहे, जर्मन भाषेची बी-वन पातळी झालीय, पुढच्या बी-टूचा क्लास चालू आहे. आतापर्यंत ४७ अर्ज केले. १९ नकार आले, सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे, शेवटी "पुढील वाटचालीस शुभेच्छा". मुलाखती तीन. बाकी सगळीकडे सामसूम.

तिसरी मुलाखत रॉयटलिंगेनजवळ. दुसरी फेरी १४ जुलैला झाली. कारखाना फिरवून दाखवला, कॅन्टीनमध्ये जेवू घातलं, आणि निघताना म्हणाले, "विअर मेल्डन उन्स", आम्ही कळवतो. आज पाच आठवडे झाले. मी दोन मेल केल्या. दोन्हींत मुलाखतीबद्दल आभार आणि "काही निर्णय झाला असल्यास कृपया कळवावे". उत्तर नाही.

आई पुण्याहून रोज म्हणते, "अगं, फोन कर ना सरळ." नवरा म्हणतो, जर्मन माणसाच्या मागे लागलं की होणारं कामही होत नाही. कुणाचं ऐकू?

मृण्मयी

---

कडून: सुधीरकाका (ब्योब्लिंगेन)
मंगळवार, सकाळी ६.१५

मृण्मयी, आईचं ऐक.

मी १९९१ साली आलो तेव्हा अर्ज म्हणजे एक अख्खी फाइल असायची. स्टुडिओत जाऊन फोटो काढायचा, प्रमाणपत्रांच्या प्रती करायच्या, सगळं क्लिपेत अडकवून पोस्टाने पाठवायचं. नकार द्यायचा असला की कंपनी ती फाइल परत पाठवायची, तशी रीतच होती. त्यामुळे जाड पाकीट आलं म्हणजे गेलं, आणि पातळ आलं म्हणजे बोलावणं. आमची ही खिडकीतूनच पोस्टमनच्या हाताकडे बघून मला निकाल सांगायची. परत आलेल्या फाइलीचे कोपरे शाबूत असले तर तीच पुढच्या अर्जाला. काटकसरीसाठी प्रसिद्ध असलेल्या आपल्या या श्वाबियात राहून एवढं यायलाच हवं.

पण मी दर वेळी फोन करायचो. पाठवायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. मोडकं जर्मन होतं, तरी कोणी खेकसल्याचं आठवत नाही.

---

कडून: तेजस (फाइहिंगेन)
मंगळवार, दुपारी १२.३५

काका, तुमचा काळ वेगळा होता. आता जाहिरातीत नंबरच नसतो. पोर्टलवर पासवर्ड काढा, सीव्ही चढवा, मग तोच सीव्ही चौकटींमध्ये पुन्हा टाइप करा. गेल्या वर्षी मी एका कंपनीच्या रिसेप्शनला फोन करून क्वालिटी विभागाच्या प्रमुखाला जोडून द्या म्हटलं, तर बाईंनी पोर्टलचा पत्ता अक्षर-अक्षर करून सांगितला आणि फोन ठेवला.

मृण्मयी, ४७ अर्जांनी खचू नकोस. गाड्यांच्या धंद्याची काय अवस्था आहे ते रोज वाचतोच आपण. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एकट्या झेडएफने जुलै २०२४ मध्ये सांगितलं की २०२८ च्या अखेरपर्यंत जर्मनीतल्या ११ ते १४ हजार जागा कमी करणार. तिथून बाहेर पडणारे अनुभवी जर्मन लोक आणि आपण, एकाच रांगेत. मी १३० अर्जांनंतर लागलो, तेही गाड्या सोडून वैद्यकीय उपकरणांत.

---

कडून: स्वाती, कार्यक्रम समिती
मंगळवार, दुपारी १.१०

चर्चा महत्त्वाची आहे, चालू दे. पण ३० तारखेच्या जेवणासाठी कोण किती मोदक करून आणणार, त्याचा तक्ता अजून अर्धा रिकामा आहे. "बघू", "जमलं तर" असं लिहू नका, आकडा लिहा.

---

कडून: अनघा (ट्युबिंगेन)
मंगळवार, रात्री ११.२०

मृण्मयी,

अकरा वर्षं मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत माणसं निवडण्याचंच काम करते, म्हणून जरा लांब लिहिते. तेजसचं म्हणणं नुसता अर्ज केलेल्यांना लागू आहे. तुला मात्र त्यांनी दोनदा बोलावलं आणि जेवू घातलं. फोन करायचा तुझा हक्क आहे.

आधी तुझ्या मेलींबद्दल. "काही निर्णय झाला असल्यास कळवावे" असं तू लिहिलंस. निर्णय झाला नसेल, म्हणून कळवलं नाही! हसू नकोस, इथला माणूस वाक्याचा जेवढा अर्थ आहे तेवढाच घेतो. आपल्याकडे "काही झालं का हो?" यातच आर्जव असतं, आठवण असते, थोडा दबावही असतो. जर्मनमध्ये उतरलं की त्यातलं सगळं गळून जातं, आणि उरतो असा प्रश्न ज्याला उत्तर द्यायची गरजच नाही. उत्तर द्यावंच लागेल असं विचार. निर्णय कोणत्या आठवड्यात होईल? माझ्याकडून आणखी कुठला कागद हवा आहे का? आणि तुझ्या बाजूची एखादी नवीन गोष्ट सांग, म्हणजे बी-टूची परीक्षा कधी आहे ते.

आता पाच आठवडे का लागतात ते सांगते. आपल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत शाळांना सुट्टी. विभागप्रमुख क्रोएशियात तंबू ठोकून बसलेला असतो आणि त्याच्या सहीशिवाय कागद हलत नाही. मग बेट्रीब्सराट, म्हणजे कामगारांनी निवडून दिलेली समिती. जिथे मतदार कामगार वीसच्या वर आहेत आणि अशी समिती आहे, तिथे प्रत्येक नेमणूक आधी तिच्यापुढे ठेवावी लागते आणि हरकत घ्यायला तिला एक आठवडा मिळतो. शिवाय पहिल्या पसंतीचा उमेदवार. त्याला करार पाठवला की तो घोळ घालतो, कधी आमचा कागद दाखवून जुन्या कंपनीत पगार वाढवून घेतो आणि आम्हाला नाही म्हणतो. तोवर दुसऱ्या पसंतीच्या माणसाला आम्ही हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. हे काही बरं वागणं नव्हे, पण मीही तसंच करत आले आहे. त्यामुळे माझा अंदाज, तू दुसरी आहेस.

नकाराच्या पत्रात कारण नसतं, त्यामागे २००६ चा समान वागणुकीचा कायदा आहे. वंश, धर्म, वय, लिंग यांवरून डावललं असं वाटलं तर नकार मिळाल्यापासून दोन महिन्यांत उमेदवाराला लेखी दावा करता येतो. म्हणून वकिलाने घासूनपुसून दिलेलं एकच वाक्य सगळ्यांना जातं. लेखी कारण मागण्यात अर्थ नाही. फोनवर मात्र, तुझा सूर भांडणाचा नसेल तर, भरतीचं काम बघणाऱ्या बाई बोलू शकतात.

फोन मंगळवार ते गुरुवार, सकाळी साडेनऊनंतर. शुक्रवारी दुपारी नकोच, "फ्रायटाग आब आइन्स माख्ट येडर साइन्स" ही म्हण इथे उगाच नाही, एक वाजला की ज्याचा तो मोकळा. फोन उचलल्यावर आधी आडनाव सांग, मग मुलाखतीची तारीख आणि जागेचं नाव.

पुढच्या मुलाखतीत एक कर. "आम्ही कळवतो" म्हणाले की तिथेच विचार, "बिस वान?", कधीपर्यंत? त्यांनी तारीख दिली की दुसऱ्या दिवशी फोन करताना तुला संकोच वाटायला नको, शब्द त्यांनीच दिलेला असतो.

आणखी एक, ज्यात आपली बरीच माणसं अडकतात. चाकणच्या कंपनीचं एक्सपिरियन्स लेटर जोडतेस ना? त्यात चार ओळी असणार, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत कामाला होत्या, शुभेच्छा. आपल्याकडे ते पुरतं. इथे वाचणारा दचकतो. इथल्या त्सोइगनिसची, म्हणजे जुन्या कंपनीने दिलेल्या कामाच्या प्रमाणपत्राची, एक छुपी भाषा आहे. "श्टेट्स त्सु उन्झरर फोल्स्टन त्सुफ्रीडनहाइट" (कायम आमच्या पुरेपूर समाधानाचं काम) म्हणजे पहिला वर्ग. त्यातलं "श्टेट्स" काढलं आणि "फोल्स्टन"चं "फोलन" केलं की ऐकायला गोडच, पण अर्थ होतो ठीकठाक. जिथे एका शब्दाने माणूस वर-खाली होतो, तिथे कामाबद्दल अवाक्षर नसलेला कागद म्हणजे सांगण्यासारखं काही नव्हतं, असा समज होतो. जुन्या साहेबांकडून एक पान लिहून घे. कुठला ग्राहक, कुठलं ऑडिट, किती माणसं हाताखाली, तक्रारी किती कमी केल्या. छुप्या भाषेच्या नादी लागू नका म्हणावं, साधं पण भरघोस लिहा.

हो, आणि प्रवासखर्च! त्यांनीच बोलावलं असेल आणि "खर्च मिळणार नाही" असं आधी कळवलं नसेल, तर भाडं कायद्याने कंपनीने द्यायचं. आपले लोक लाजेखातर मागत नाहीत.

अनघा

---

कडून: तेजस
बुधवार, सकाळी ८.०५

अनघाताई, त्या फोलन-फोल्स्टनवरून माझं जुनं त्सोइगनिस आत्ता काढून वाचलं. आजचा दिवस खराब जाणार.

जाता जाता, ज्यांच्या कंपनीत सध्या कुजबुज चालू आहे त्यांच्यासाठी. नोकरी जाणार हे कळलं आणि हातात तीन महिन्यांपेक्षा कमी असतील, तर तीन दिवसांच्या आत आरबाइट्सआगेंटूरकडे, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयाकडे, 'नोकरी शोधतोय' अशी नोंद करा, ऑनलाइनही होते. मी "आधी जरा सावरू दे" म्हणत दहा दिवस लावले आणि एका आठवड्याचा बेकारभत्ता घालवून बसलो. काढण्याविरुद्ध कोर्टात जायचं असेल तर पत्र हातात पडल्यापासून तीनच आठवडे. आणि रागाच्या भरात स्वतः राजीनामा देऊ नका, त्याने भत्ता बारा आठवड्यांपर्यंत अडकतो.

---

कडून: मृण्मयी
गुरुवार, २१ ऑगस्ट, दुपारी २.४०

काल रात्री काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं आणि आज पावणेदहाला फोन केला. आडनाव सांगितलं. "काय?" परत सांगितलं. मग आमच्या आडनावातल्या त्या 'क्ष'चं स्पेलिंग एकेका नावावरून सांगायला "के वी काउफमान, एस वी झीगफ्रीड, हा वी हाइनरिश" असं सुरू झालं, आणि पूर्ण नाव होईपर्यंत बाई हसायला लागल्या होत्या. भीती तिथेच गेली.

अनघाताई, मी दुसरी नाही. पहिलं कोणीच नाही! ऑगस्टच्या सुरुवातीला वरून आदेश आला की नवीन भरती बंद. जागा रद्द नाही, पण लांबणीवर, निदान नव्या वर्षापर्यंत. हे कोणालाच कळवलेलं नव्हतं. त्यांनी माफी मागितली, अगदी मनापासून.

मग मी भाषेबद्दल विचारलं. दोन सेकंद शांतता. म्हणाल्या, तुमचं जर्मन पुरेसं आहे, टेबलावरची मुलाखत चांगली झाली. पण कारखान्यात फिरताना तुम्ही सोबतच्या फोरमनला एकही प्रश्न विचारला नाहीत, तेव्हा तो म्हणाला, ह्या बाई लाइनवर उतरतील का? आता काय सांगू! तो अस्सल श्वेबिशमध्ये, म्हणजे इथल्या बोलीत, बोलत होता, मला दहातला एक शब्द कळत होता, म्हणून मी नुसती मान हलवत होते. चाकणला लाइनवर माझ्या आवाजाने लोक पळायचे. हे सगळं मोडक्या-तोडक्या भाषेत सांगितलं त्यांना. त्या म्हणाल्या, हे त्याला तिथेच सांगायचं होतंत, तो हळू बोलला असता.

माझे कागद वर्षभर ठेवू का, असं विचारलंय. तशी लेखी संमती हवी म्हणाल्या, ती मेल करून टाकली, बी-टूच्या तारखेसकट. जुन्या साहेबांनाही चाकणला मेसेज केलाय. ते म्हणाले, "तूच लिही, मी सही करतो." आता स्वतःचं कौतुक एक पानभर कसं लिहायचं ते अनघाताईंनी सांगावं.

प्रवासखर्च मागायचा राहिला. खरं तर दोन्ही वेळा मी ५८ युरोच्या डॉइचलांड-टिकेटवरच, म्हणजे महिन्याच्या पासावरच, गेले होते, त्यामुळे मागणार तरी काय?

सुधीरकाका, तुमच्या ओळखीत कोणी अस्सल श्वेबिश बोलणारे शेजारी असतील आणि आठवड्यातून एक तास माझ्याशी बोलायला तयार असतील तर कळवा. बदल्यात मोदक.

स्वातीताई, माझ्या नावापुढे २१ लिहा. त्यात शेजाऱ्यांचे धरलेले नाहीत.

मृण्मयी