आधी यादी काढा
कंपनीत एआय वापरण्याचे नियम कधी करायचे, यावर ‘भारतात कायदा आला की बघू’ असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. युरोपीय संघाचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ लाच अमलात आला. तुमच्या प्रणालीचं आउटपुट तिकडे वापरलं जाणार असेल, तर पुण्यात बसूनही तो लागू होऊ शकतो.

एआय पॉलिसीची पीडीएफ नंतर करा (तशीही ती कोण वाचतंय!). आधी कुठल्या टीममध्ये कुठलं एआय टूल चालतं, त्यात काय पेस्ट होतं, याची यादी काढा. आमच्याकडे एचआरवाले उमेदवारांचे बायोडेटा सरळ चॅटबॉटला देऊन छाननी करत होते, आयटीला पत्ताच नव्हता. भरतीतली अशी छाननी त्या युरोपीय कायद्यात ‘उच्च जोखीम’ वर्गात मोडते. शिवाय आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातला दंड २५० कोटींपर्यंत जातो, तो वेगळाच.