शब्दचर्चा : पूलच्या टेबलावर ‘करू शकतो’ म्हणजे नेमकं काय?

तिसरी गल्ली

दादरला आमच्या घरामागे एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर पूलची (क्यू म्हणजे लांब काठीने बॉल भोकात घालायच्या खेळाची) तीन टेबलं आहेत. मालक ओळखीचा. त्याने हौसेने भिंतीवर मराठीत नियमांचा फलक लावलाय. त्यातल्या दोन ओळींवरून गेल्या रविवारी माझा भाचा आणि त्याचा मित्र यांची चांगलीच जुंपली. ओळी अशा :

‘पुश करणे हा फाऊल आहे.’

‘ब्रेकनंतर खेळाडू पुश करू शकतो.’

नाइनबॉल चालला होता. त्यात १ ते ९ आकड्यांचे बॉल असतात आणि व्हाइट, म्हणजे क्यूने मारायचा पांढरा बॉल, आधी टेबलावरच्या सगळ्यात लहान आकड्याला लागलाच पाहिजे. मित्राने ब्रेक (डावाचा पहिला फटका) केला, काही पडलं नाही, आणि १ नंबर नेमका ६ आणि ८च्या आड जाऊन बसला. भाचा ‘पुश’ म्हणाला आणि व्हाइट हलकेच मोकळ्या जागेत नेऊन सोडला, कशालाही न लागता. मित्र ओरडला, ‘फाऊल! व्हाइट माझ्या हातात!’ म्हणजे आता तो हवा तिथे ठेवून खेळणार. भाच्याने फलकाच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं, मित्राने पहिल्या. मालकाने मान वर न करता ‘आपसात मिटवा’ म्हटलं. मग मला फोन, कारण मामा मराठीवाला.

खेळापुरतं पाहिलं तर भाचा बरोबर. क्यूचं टोक व्हाइटला चिकटवून त्याला लोटत नेणं हा पुश शॉट, तो फाऊल. पुश-आऊट वेगळा. तो ब्रेकनंतरच्या लगेचच्या फटक्यालाच मिळतो, तोही आधी सांगून. व्हाइट कुठल्या बॉलला किंवा कडेला लागण्याची अट त्या एका फटक्यापुरती उठते, मात्र व्हाइट भोकात गेला तर फाऊल तो फाऊलच. नंतर समोरचा ठरवतो, आहे त्या जागेवरून आपण खेळायचं की पुश करणाऱ्यालाच पुन्हा उभं करायचं. त्यामुळे व्हाइट फार सोयीच्या जागी नेण्यात अर्थ नसतो.

आता प्रश्न दोन. पुश शॉटला ‘ढकल’ आणि पुश-आऊटला ‘सरकव’ म्हणावं का? आणि जास्त छळणारा दुसरा : नियमात ‘करू शकतो’ बरोबर आहे का? मला तर ते वाचून भाच्याच्या दंडात तेवढी ताकद आहे असं वाटतं.

सोंगटी

‘ढकल’ला माझं मत. कॅरमवाल्याला ते समजवावं लागणार नाही. स्ट्रायकर मारायचा असतो, ढकलायचा नसतो, हे गणपतीतल्या स्पर्धेत पहिल्याच डावाला कळतं. ‘ए, ढकलू नको’ ही आरोळी आमच्या चाळीत अर्ध्या मुलांनी खाल्ली आहे. म्हणजे खोट त्या शब्दात आधीच मुरलेली आहे.

‘सरकव’ मात्र नको. सोंगटी बोटाने कोण सरकवतो? ज्याला कुणी पाहू नये असं वाटतं तो. पुश-आऊट तर आधी जाहीर करून मारायचा, त्याला रडीच्या डावाचा शब्द कशाला? पुश-आऊट म्हणूनच राहू दे. क्यूचे हे खेळ आपल्याकडे जिमखान्यांच्या दाराआड वाढले. विल्सन जोन्स १९५८ला आणि आपल्या मुंबईचे मायकेल फरेरा १९७७ला हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, तरी टेबल काही चाळीत आलं नाही. कॅरम गॅलरीत आला म्हणून त्यातल्या ‘क्वीन’ची ‘राणी’ झाली.

शब्दखोर

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. ‘शकणे’ अस्सल मराठीच आहे, ते हिंदीच्या माथी मारू नका. पण त्याच्या मुळाशी ‘शक्’ आहे, ‘शक्ती’तला. त्यामुळे ‘करू शकतो’मध्ये कुवतीचा वास राहतो. दारात उभं राहून आपण ‘मी आत येऊ शकतो का?’ म्हणत नाही, ‘येऊ का?’ म्हणतो. ‘पुश करू का?’ ‘कर.’ संपलं.

खरी गंमत ‘येणे’ची आहे. ही दोन वाक्यं म्हणून बघा (जंप म्हणजे व्हाइट उडवून मारायचा फटका) :

मला जंप मारता येतो.

नाइनबॉलमध्ये जंप मारता येतो.

पहिल्यात कौशल्य आहे, दुसऱ्यात नियम. फक्त ‘मला’च्या जागी ‘नाइनबॉलमध्ये’ आलं. आणि ‘मला’ ठेवूनच नियम सांगायचा असेल तर काळ बदला : ‘मला जंप मारता येईल.’ कायद्याच्या मराठीत ‘करता येईल’ आहे ते उगाच नाही. फलकासाठी मी तेच सुचवेन. ‘ब्रेकनंतरच्या पहिल्या फटक्याला, आधी सांगून, पुश-आऊट करता येईल.’

परळकर

एवढं कशाला? ‘चालतं’ लिहा. पुश-आऊट चालतो, पुश चालत नाही. मुंबईत ह्यावर कुणी वाद घालत नाही.

तिसरी गल्ली

परळकर, ‘चालतं’ मलाही आवडतं, पण त्यात एक मेख आहे. आमच्या मालकाकडे जंप चालत नाही. नियमात तो चालतो. वरून खाली मारून उडवला तर बिनधास्त, क्यू बॉलखाली घालून उचललात तर फाऊल. पण मालकाला कापडाची काळजी. एकाने जंपच्या नादात अंगठ्याच्या नखाएवढी चीर पाडली. आता तिथून जाणारा प्रत्येक बॉल किंचित उडी मारतो आणि मालक प्रत्येक वेळी ‘च्च’ करतो. तेव्हा ‘चालतं’ हा घरच्या मालकाचा शब्द. स्नूकरवाल्यांकडे तर जंप मुळातच फाऊल, तिथे मालकाला विचारायचाही प्रश्न नाही.

शब्दखोर, ‘करता येईल’ घेतलं. ‘मुभा’बद्दल काय म्हणता?

शब्दखोर

‘मुभा’ इथे चपखल बसेल! मूळ अरबी ‘मुबाह’. इस्लामी धर्मशास्त्रात जे बंधनकारकही नाही आणि निषिद्धही नाही ते मुबाह. पुश-आऊट हुबेहूब तसाच. केलाच पाहिजे असं नाही, केला तर कुणी अडवायचं नाही.

‘परवानगी’ मात्र टाळा, कारण ती द्यायला कुणीतरी लागतं. पुश-आऊटची परवानगी ना पंच देतो ना समोरचा. तुम्ही फक्त सांगता. तेच एटबॉल या पूलच्या दुसऱ्या प्रकारातल्या सेफ्टीचं, म्हणजे बचावाच्या फटक्याचं. आधी ‘सेफ्टी’ म्हणून आपलाच बॉल भोकात घातला, तरी पाळी समोरच्याकडे जाते. हीसुद्धा मुभा. आपलाच बॉल घालून आपलीच पाळी सोडायची, नवख्याला ते वेडेपण वाटतं.

आणि समोरच्याच्या फाऊलने व्हाइट हातात आला की टेबलावर कुठेही ठेवायचा, तो हक्क झाला. त्याच्या चुकीने तो तुमचा झालाय. ठेवून दिला तसाच तरी तुमची मर्जी.

जाता जाता : ‘हरकत नाही’मधली हरकतही अरबी, मूळ अर्थ ‘हालचाल’. बॉल अजून हलत असताना मारलं तर फाऊल असतो, तेव्हा पंचाने ‘हरकत आहे’ म्हटलं तर दोन्ही अर्थांनी बरोबर.

कच्चा लिंबू

मुभा-हक्क ठीक, पण फलकाचा खरा घोळ ‘नये’ आणि ‘-आवे’मध्ये असतो, तिकडे कुणी बघतच नाही. ‘एक पाय जमिनीला टेकलेला असावा’ असं आमच्या अंधेरीतल्या ठिकाणी लिहिलंय. माझी उंची पाच फूट. लांबचा शॉट आला की मी टेबलाच्या कडेवर अर्धी बसते, डावा पाय हवेत, उजव्या पायाचा फक्त अंगठा फरशीला. ते चालतं. एकदा अंगठाही सुटला, समोरच्याने फाऊल म्हटलं, आणि मी ‘असावा’ दाखवून भांडले. ‘असावा’ म्हणजे असला तर बरं! हरले अर्थात, पण वाक्याने मला भांडायला जागा दिली की नाही?

त्याहून वाईट तिसऱ्या फाऊलचं. नाइनबॉलमध्ये लागोपाठ तीन फाऊल झाले की रॅक, म्हणजे तो डाव, गेला. पण दोन झाल्यावर ‘तू दोनवर आहेस’ हे सांगितलंच पाहिजे. नाही सांगितलं तर तिसऱ्याने रॅक जात नाही. फलकावर ‘प्रतिस्पर्ध्यास सूचना द्यावी’. द्यावी! लग्नपत्रिकेत ‘उपस्थित राहावे’ असतं तसं. इथे ‘-च पाहिजे’ हवं आणि न दिल्यास काय होतं तेही त्याच ओळीत हवं.

सोंगटी

‘असावा’वर भांडणारी बाई मला माझ्या संघात हवी.

परळकर

‘नये’ला एवढं हलकं समजू नका. आजीचं ‘असं करू नये’ कुणी मोडून दाखवावं.

कच्चा लिंबू

आजीच्या ‘नये’मागे आजी असते. फलकाच्या मागे भिंत.

तिसरी गल्ली

काल मालकाला नवा मजकूर दिला. ‘व्हाइट क्यूने ढकलणे हा फाऊल.’ त्याखाली, ‘नाइनबॉलमध्ये ब्रेकनंतरच्या पहिल्या फटक्याला, आधी सांगून, पुश-आऊट करण्याची मुभा. त्यानंतर कोणी खेळायचे ते समोरचा ठरवेल.’ पाय टेकलेला ‘असलाच पाहिजे, नाहीतर फाऊल’. दोन फाऊल झाल्यावर ‘सांगितलेच पाहिजे, न सांगितल्यास तिसऱ्या फाऊलने रॅक जाणार नाही’. जंपसाठी मालकाने स्वतःच लिहिलं, ‘आमच्याकडे चालत नाही’. ते मी तसंच ठेवलं.

भाचा विचारतोय की ‘मुभा’ हे मुलीचं नाव आहे का.