इक्माचे उपकार मानायचे की गाऱ्हाणं घालायचं?

देवरूखचा समीर (मूळ पोस्ट)
कोकणातले जेसीबीवाले नुसते रडतात. बंगळुरूला दर दोन वर्षांनी एक्सकॉन भरतं, बांधकाम यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांची संघटना, म्हणजे इक्मा, त्यात असते. आपल्यातला किती जण तिकडे फिरकतो? कंपन्या एकत्र आल्या म्हणून दिल्लीत त्यांचं ऐकलं जातं. धुराचे नवे नियम, सुरक्षेचं एआयएस-१६०, ऑपरेटरांच्या प्रशिक्षणासाठी स्किल कौन्सिल, यातून मशीनं सुधारली. शिव्या घालण्याआधी त्यांचे उपकार माना.

सावर्ड्याचा मशीनवाला
"उपकार माना" वाचून जेवण गेलं नाही, म्हणून लांबलचक लिहितोय.

माझी दोन जेसीबी आणि एक पोकलेन. जुनं मशीन बंद पडलं की पाना आणि हायड्रोलिकचा पाईप घेऊन मी स्वतः खाली आडवा व्हायचो, दोन तासांत काम चालू. आता नवं घेतलं, धुराच्या नव्या नियमाचं, स्टेज ५ वालं. एप्रिलमध्ये कातळावर कलमांचे खड्डे मारत होतो. पाच मिनिटं ब्रेकर, दहा मिनिटं उभं, परत पाच मिनिटं. असल्या कामात सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर तापत नाही आणि तुंबतो. पिवळा दिवा लागला, मग लाल लागला, मग इंजिनाची ताकदच गेली. डीलरचा माणूस लॅपटॉप घेऊन घाटावरून चौथ्या दिवशी आला. ऐन सीझनचे चार दिवस मशीन उभं, हप्ता मात्र चालू.

त्याआधीच्या स्टेज ४ नियमाची तारीख ऑक्टोबर २०२० वरून एप्रिल २०२१ वर गेली. स्टेज ५ एप्रिल २०२४ वरून जानेवारी २०२५ वर. कंपन्यांना मुदत मिळाली. मला काय मिळालं? वाढलेली किंमत. आणि गंमत नव्हे, संताप येतो तो याचा, की हा नियम टायरवाल्या मशीनला. साखळीवर चालणारी माझी पोकलेन त्या व्याख्येतच बसत नाही. ती खाणीत दिवसभर धूर ओकली तरी चालते. वाडीत खड्डे मारणारा मात्र बांधला गेला. नियम ठरताना त्या टेबलावर आमच्यातला कोण होता?

लोट्याचा इंजिनीअर
दादा, संघटनेच्या नावातच "उत्पादक" आहे. ती मशीन बनवणाऱ्यांची बाजू मांडणार. तुमची बाजू तिने मांडावी ही अपेक्षाच चूक. तुमची संघटना तुम्ही काढा.

पिवळा दिवा लागला तेव्हाच मोकळ्या जागेत मशीन उभं करून बटण दाबायचं असतं. इंजिन चालू ठेवून थांबायचं, काजळी जळून जाते. ऑपरेटरने लाल दिवा लागेपर्यंत काम रेटलं ही कंपनीची चूक नाही.

आणि धुराबद्दल जरा सांभाळून बोला. माझे वडील चिरेखाणीत बावीस वर्षं होते. खड्ड्यात उतरलेलं मशीन, तिन्ही बाजूंनी जांभ्याच्या भिंती, धूर वर जायला वाट नाही. शेवटची पाच वर्षं ते बसून झोपले. फिल्टर महाग पडतो म्हणणाऱ्याने त्यांचा खोकला ऐकायला हवा होता.

सावर्ड्याचा मशीनवाला
वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण मग तुम्हीच सांगा, खाणीत राबते ती साखळीवाली पोकलेन. तिला फिल्टर नाही, माझ्या जेसीबीला आहे. तुमच्या वडिलांसाठी नियम कुठे झाला?

बटणाचं खरं आहे, मान्य करतो. पण ते मला डीलरने किल्ली देताना सांगितलं नाही, चौथ्या दिवशी बिल देताना सांगितलं. पुस्तक इंग्रजीत, माझा ऑपरेटर झारखंडचा.

मालवणचो बाबल
प्रशिक्षण, प्रशिक्षण म्हणतास, आमच्या पोरांनी शिकाचा खंय? माझो भाचो तीन वर्षां हेल्पर म्हणान नुसता ग्रीस मारता. मालक सांगता, सर्टिफिकेट हाड. सर्टिफिकेट होया तर गाव सोडूक होया. मगे झारखंडचो ऑपरेटर येता तेका दोष कित्याक देतास?

चिपळूणची वैशाली
सगळे मशीनच्या तब्येतीबद्दल बोलताय. मशीन कापतं काय, त्याबद्दल कोणीतरी बोला.

आमच्या घरामागचा डोंगर वरच्या प्लॉटवाल्याने दोन दिवसांत उभा कापला. वीस फूट, भिंतीसारखा सरळ. वर जांभा, खाली पांढरट शेडी, म्हणजे चिकट माती. पहिल्याच पावसात त्या शेडीतून पाणी पाझरायला लागलं. तेव्हापासून जून ते सप्टेंबर आम्ही मागच्या खोलीत झोपत नाही. सासूबाई रात्री उठून टॉर्च मारून भिंत बघतात. मी ऑपरेटरला कापतानाच विचारलं होतं. तो म्हणाला, "ताई, मालकाने चुना मारून दिलाय, मी रेषेवर चालतो."

देवरूखचा समीर
ताई, त्रास समजतो, पण डोंगर कोणी कापला याचा इक्माशी काय संबंध?

चिपळूणची वैशाली
का नाही? २०२३-२४ मध्ये निर्यात धरून १ लाख ३५ हजारांच्या वर यंत्रं विकली गेली, हा आकडा हीच संघटना देते ना? एआयएस-१६० केबिनमधल्या माणसाचा जीव बघतं, चांगलंच आहे. कड्याखालच्या घराचा जीव कोणाच्या यादीत आहे?

सावर्ड्याचा मशीनवाला
आता आम्ही खुनी झालो का? २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तुमच्या बाजारपेठेत गुडघाभर चिखल होता. माझं मशीन अकरा दिवस तिथे होतं. पहिले तीन दिवस डिझेलसुद्धा पदरचं. दुकानदार पाया पडत होते. वाशिष्ठीतला गाळ काढला तो कोणी, हातांनी? इर्शाळवाडीला २०२३ मध्ये मशीन वर चढू शकलं नाही, तेव्हा माणसं चिखल कशी उपसत होती ते टीव्हीवर बघितलं असेल. मशीन नसलं की काय होतं ते तिथे दिसलं.

चिपळूणची वैशाली
खुनी कोणी म्हटलं? चिखल काढलात, ते विसरले नाही, माझ्याच दारातला काढलात कदाचित. पण ज्या बकेटीने चिखल काढला तिनेच माझ्यामागे कडा केलाय. एका उपकाराने दुसरी गोष्ट पुसली जात नाही.

निवृत्त ओव्हरसियर, खेड
पस्तीस वर्षं घाटरस्त्यांवर काढली, म्हणून बोलतो. जांभा उभा कापला तरी काही काळ टिकतो, त्यानेच लोक फसतात. खालची शेडी पाणी धरते, फुगते, आणि वरच्या जांभ्याचा पायाच सरकतो. अशा ठिकाणी पायऱ्या पाडून कापायचं, आणि माथ्यावर आधी चर खणायचा, म्हणजे वरचं पाणी कड्यात शिरत नाही. पायऱ्या पाडल्या की प्लॉट आत सरकतो, चार-पाच फूट जागा जाते. भांडण सगळं त्या जागेचं आहे. परशुराम घाटात जुलै २०२२ मध्ये दरडींनी महामार्ग बंद ठेवावा लागला, तिथेही डोंगर कापलेलाच होता.

ऑपरेटरला हे कळतं. बकेटला शेडी लागली की आवाज बदलतो, दात चिकटतात. थांबण्याचा अधिकार मात्र त्याला नाही, कारण मीटर तासावर पळतो.

लोट्याचा इंजिनीअर
मग स्किल कौन्सिलच्या प्रशिक्षणात हेच हवं. कोकणातला उतार, जांभा, शेडी. आणि फिल्टरचं बटणसुद्धा, मराठीत. हे मागायला इक्माकडेच जावं लागेल, एवढं मी समीरच्या बाजूने बोलेन.

मालवणचो बाबल
आणि ता शिक्षण कुडाळात होऊक होया. पुण्यात नको.

देवरूखचा समीर
"उपकार माना" काढून टाकतो, तो शब्द चुकला. पण तिकडे जायला हवं, हे मी मागे घेत नाही. न जाता कोण विचारणार?

सावर्ड्याचा मशीनवाला
मागणीचं पत्र लिहा, मी सही करतो. मशीन बंद ठेवून बंगळुरूला जाणं मला परवडत नाही, तेही पत्रात घाला.

चिपळूणची वैशाली
पत्र जाईल, उत्तर येईल तेव्हा येईल. पाऊस तीन आठवड्यांवर आलाय. माझ्यामागचा कडा तसाच आहे आणि वरचा प्लॉटवाला फोन उचलत नाही.

सावर्ड्याचा मशीनवाला
पत्ता मेसेजमध्ये पाठवा. कड्याला हात लावणार नाही, त्याला वरच्याची परवानगी लागेल. माथ्यावरचा चर तुमच्या हद्दीत येतो का ते ओव्हरसियर साहेबांना घेऊन बघतो. येत असेल तर मंगळवारी छोटी बकेट लावून येतो. डिझेल तुमचं.